कसोटीच्या खोलीतली बर्फाची पेटी

घाबरू नका मित्रांनो, झाकण उघडून खुशाल आत बघा. आता माझ्या पोटात काहीही नाही. मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. आयुष्यात मला पुष्कळांनी ढकललं, आपटलं, माझ्यावर बसून तासन्‌तास गप्पा हाणल्या. त्याचं मला काही वाटत नाही. पेटीच्या जातीला एवढं चालायचंच! पण मला दगा दिला तो एकाच माणसानं, आणि तोही गोड बोलून. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आत पत्रा, बाहेर पत्रा आणि मधे थर्माकोलचं जाड अस्तर, असा माझा थाट. मला बनवणाऱ्या कारागिराला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तो सगळ्यांशीच ओरडून बोलायचा, माझ्याशीसुद्धा. झाकणाला रबर बसवताना तो ओरडला, "आतला गारवा आत ठेव गं बाई! तेवढं एकच काम आहे तुला!" एवढं सोपं काम! मी तर हुरळूनच गेले.

मला घेतलं एका गारेगारवाल्या काकांनी. त्यांनी मला सायकलच्या मागे बांधलं आणि आमची स्वारी शाळेच्या फाटकाशी उभी राहू लागली. शाळा सुटली की पोरं मुंग्यांसारखी जमायची. कांडी खाऊन जिभा लाल-पिवळ्या करायच्या आणि एकमेकांना दाखवत हिंडायचं, हा त्यांचा खेळ. कुणाच्या घरी तापानं फणफणलेलं बाळ असलं, की काका माझ्यातला बर्फ काढून कपाळावर ठेवायला देत. अशा वेळी मला वाटायचं, मी काय नुसती पेटी आहे? मी तर चालता-फिरता दवाखाना आहे!

काकांच्या घरी दोघीजणी होत्या. एक त्यांची मुलगी. तिची बडबड झोपेतसुद्धा थांबत नसे, म्हणून तिचं नाव पडलं टकळी. दुसरी काकांची बहीण, म्हणजे टकळीची आत्या. आईवेगळ्या टकळीला तिनंच वाढवलं. आत्या शिंप्याच्या दुकानात काजं करायची. तिनं केलेलं काज इतकं सुबक, की बटण आपणहून आत शिरतं, असं शिंपी म्हणायचा. स्वभाव मात्र भिडस्त. नळावर असो, बसच्या रांगेत असो, तिचं आपलं एकच: "तुम्ही व्हा पुढे. मला कुठे घाई आहे?"

पुढे दुकानादुकानात फ्रीज आले. काका एका कारखान्यात कामाला लागले आणि मी जिन्याखाली गेले. माझ्यावर आधी रद्दी आली, मग रंगाचे डबे, मग मांजर. वाईट वाटायचं, पण तो काही दगा नव्हता. दगा पुढेच होता.

आत्या दर आठवड्याला एका प्रार्थनेच्या खोलीत जायची. एका गोदामाच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की ती खोली. तिथल्या प्रमुखांना सगळे 'थोरले' म्हणत. थोरल्यांचं बोलणं लोण्यासारखं मऊ. एकदा ते आमच्या घरी आले आणि जिन्याखाली वाकून म्हणाले, "ताई, ही पेटी नुसतीच पडून आहे का? प्रार्थनेला एवढी माणसं येतात, त्यांना गार पाणी तरी मिळेल."

आत्याला केवढा आनंद झाला! तिनं मला सोड्याच्या पाण्यानं घासलं, पुसलं, उन्हात ठेवलं. काका म्हणाले, "ने बाई. इथे गंजण्यापेक्षा कुणाची तहान तरी भागवेल."

मित्रांनो, त्या खोलीत माझ्यातलं घोटभर पाणीसुद्धा कधी कुणी प्यायलं नाही.

तिथे पडद्यामागे थोरल्यांचा मेहुणा बर्फ फोडायचा आणि माझ्या तळाशी पसरायचा. त्यावर तोंड बांधलेली एक कापडी पिशवी ठेवायचा. पहिल्यांदा ती पिशवी हलली तेव्हा मला पाय असते, तर मी जिना उतरून धूम ठोकली असती. आत विषारी साप होता!

"अजून गारठू दे," थोरले म्हणायचे. "मागच्या खेपेला फार वळवळला."

साप काही आपला वैरी नाही हो. मला तर त्याची दयाच यायची. थंडीनं त्याचं अंग जड होतं, त्याला काही सुचत नाही. ऊब मिळाली की तो हळूहळू जागा होतो. तो असा पुरता बधिर झाला, की मला पांढऱ्या चादरीखाली झाकून बाहेर नेत आणि कसोटी सुरू होई. साप आधी थोरले स्वतः हातात घेत. मग तो रांगेतल्या एकेकाच्या तळहातांवर दिला जाई. चावला नाही, की त्या माणसाचं मन शुद्ध! लोक रडायचे, थोरल्यांच्या पाया पडायचे. गारवा माझा आणि पुण्याई त्यांची!

एके दिवशी बाहेरगावची पुष्कळ मंडळी आली. रांग भिंतीला टेकली, वळली आणि परत दारापर्यंत गेली. आत्या मधेच उभी होती, पण कुणी म्हातारं आलं, कुणी लेकुरवाळी आली, की ती म्हणे, "तुम्ही व्हा पुढे." सरकता सरकता ती शेवटी जाऊन पोहोचली. आणि साप? तो इतक्या माणसांच्या उबदार हातांतून तिच्यापर्यंत आला होता. आता त्याची जीभ भराभर आतबाहेर होत होती. मी ओरडू शकत असते, तर छप्पर उडवलं असतं!

तो तिच्या उजव्या हाताला चावला.

यानंतर जे झालं, ते मी अजून विसरले नाही. थोरले धावले ते सापाकडे. त्याला उचलून त्यांनी माझ्यात टाकलं, झाकण दाबून बसवलं, आणि मग वळून आत्याकडे पाहिलं. म्हणाले काय, तर, "ताई, तुमच्या मनात किंतु होता."

दवाखान्याचं नाव कुणी काढेना. सगळे डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागले. आत्याला न्यायला आलेली टकळी दारातच किंचाळली, "प्रार्थना मग करा! देव कुठे पळून जातोय? आत्या जातेय!" आणि आत्याला जवळजवळ उचलूनच तिनं जिना उतरवला.

इंजेक्शनांनी आत्या वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

काही दिवसांनी टकळी त्या खोलीत आली, ती आत्याच्या राहिलेल्या चपला न्यायला. पडदा अर्धा उघडा होता. "अगंबाई, ही तर आमची पेटी!" म्हणत तिनं माझं झाकण उचललं. आत बर्फ, वर पिशवी, आणि पिशवीत काहीतरी वेटोळं. टकळीची टकळी आयुष्यात पहिल्यांदा बंद पडली!

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य खात्याच्या मॅडमना घेऊनच आली. जिनाभर तिचं बोलणं चालू होतं, त्यामुळे मलाही सगळं कळलं. "मॅडम, आत्याचा माझ्यावर विश्वासच बसत नाही. म्हणते, थोरले असं करायचे नाहीत. लोक तिला अशुद्ध म्हणतात, शेजारीण तिच्याकडून पाणीसुद्धा घेत नाही. आणि आता ती पुन्हा कसोटीला उभी राहणार आहे, मन शुद्ध आहे हे दाखवायला! मी म्हटलं, आत्या, तू तर साध्या भाजीवाल्यावरही संशय घेत नाहीस, तुझ्या मनात कसला आलाय किंतु? पण ऐकतच नाही!"

मॅडमनी साप वनखात्याच्या माणसांकडे दिला, मला कचेरीत नेलं आणि कसोटी तात्पुरती थांबवली. अशा प्रथेवर सरकारनं कायमची बंदी घालावी का, याची सुनावणी ठरली. तोवर कचेरीतला शिपाई माझ्यावर डबा ठेवून जेवत होता. असो.

सुनावणीला खोली गच्च भरली. थोरले उभे राहिले आणि लोण्यासारखंच बोलले, "सरकारनं रस्ते करावेत, नळ दुरुस्त करावेत. आमच्या प्रार्थनेत कशाला डोकवावं? इथे कुणावर जबरदस्ती नाही. जो तो आपल्या पायांनी येतो. जीव त्याचा, श्रद्धा त्याची."

"बरोब्बर!" मागून पाच-सहा जण म्हणाले. आत्यानंही मान हलवली, बँडेज बांधलेला हात पदराखाली लपवून.

"मी प्रार्थनेत नाही हो, पेटीत डोकावतेय," मॅडम म्हणाल्या. "ही कशाला होती?"

"पाणी गार करायला."

"आणि साप कुठे ठेवायचात?"

थोरले काही बोलायच्या आत मेहुणा उत्साहानं म्हणाला, "यातच की!"

"बर्फावर?"

"मग? बर्फाशिवाय ऐकतोय होय तो!"

थोरल्यांनी मेहुण्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, याला आता माझ्यात कोंबतात की काय!

आत्या सावकाश उठली. "म्हणजे पहिल्याच्या हातात तो गारठलेला असायचा," ती जणू स्वतःशीच म्हणाली. "आणि शेवटच्याच्या हातात?"

ती थोरल्यांकडे वळली.

"थोरले, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"ताई, लोकांची श्रद्धा टिकावी म्हणून..."

"मग माझ्या मनात किंतु नव्हता," आत्या म्हणाली आणि मटकन खाली बसून रडू लागली. बोटं गेली तेव्हा ती रडली नव्हती, मित्रांनो. तिला टकळीनं घट्ट धरलं.

मॅडमनी विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं? बंदी घालावी का?"

आत्यानं डोळे पुसले. "प्रार्थना बंद करू नका, मॅडम. मी उद्याही करणार आहे. पण माणसाच्या हातात साप देऊन त्याचं मन मोजायचं, हे बंद करा. आपल्या पायांनी येतात म्हणे! पायांनी आलेच मी. पण कान खोट्यानं भरले होते ना माझे!"

प्रार्थनेच्या कुठल्याही जागी विषारी साप आणायचा नाही, असा हुकूम निघाला. थोरले आता सांगतात, सरकारनं आमची श्रद्धा हिरावली. काहीजण अजून मान डोलावतात. आत्याला अशुद्ध म्हणणाऱ्यांपैकी एकही जण 'चुकलो' म्हणायला आला नाही. ती मात्र डाव्या हातानं काजं करायला शिकतेय. वाकडी होतात, उसवते, पुन्हा करते.

मित्रांनो, ज्यांच्यावर तुम्ही जीव टाकता, त्यांच्यावर विश्वास जरूर ठेवा. पण कुणी तुमचं मन तपासायला तुमचा जीव पणाला लावू लागलं, तर बिनधास्त मोठ्यांना सांगा, पोलिसांना सांगा, टकळीसारखा आरडाओरडा करा. आणि त्या माणसाला एवढंच म्हणा, "आज तुम्ही शेवटी उभे राहा."