न वाजलेला नादकाटा

मी एक जुना नादकाटा आहे, मित्रांनो. दोन दातांचा, पोलादी आणि तोंडाने फटकळ. किरगिझस्तानातल्या बिश्केक शहरात, एका इस्पितळात डॉक्टर चोल्पोन मला तळहातावर आपटून रुग्णाच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवतात. थरथर कळली तर नस शाबूत, नाही तर गेली.

लहानपणी कर्करोगातून वाचलेल्या मुलांचे पाय पुढे वर्षानुवर्षं का दुखतात, हे डॉक्टर शोधत होत्या. ज्या औषधाने जीव वाचवला, तेच नसा जाळतं. पण किती जणांच्या, किती काळ? जो तो म्हणे, "मला काही होत नाही." वहीत सगळे ठणठणीत! मला तर रागच यायचा.

एके दिवशी त्याच मुलांपैकी एक, बेगायिम, आली. एकोणीस वर्षांची. होणाऱ्या सासूने नुकतेच तिच्या कानांत झुमके घातलेले, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने लग्न पक्कं. सोबत तिची आई, सैकाल.

"पाय दुखतात का गं?"

"छे हो, एजे." आमच्याकडे ताईला एजे म्हणतात.

डॉक्टरांनी मला आपटून टेकवलं. "थरथर कळतेय?"

"हो."

मग त्यांनी मला न आपटताच टेकवलं. "आणि आता?"

"हो, छान कळतेय!"

अरे देवा! माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"बेगायिम, आत्ता हा वाजलाच नव्हता गं."

सैकाल उसळली, "पोरीचं वाटोळं करायचंय का तुम्हाला? लहानपणी रक्त कमी होतं, एवढंच सांगितलंय आम्ही तिच्या सासरी!"

"आणि सासरी दिवसभर उभं राहून पाहुण्यांना चहा कोण देणार? तुम्ही?"

बेगायिम हुंदके देत म्हणाली, "आई, मी सात वर्षांची होते तेव्हापासून तळवे भाजतात गं. दुखतं म्हटलं की तुला वाटायचं, रोग परत आला. तू जेवायची नाहीस. मग मी सांगणंच सोडलं."

सैकालने खाली बसून लेकीचे तळवे मांडीवर घेतले.

पुढे बेगायिमने सासरी स्वतःच खरं सांगितलं. ठरलेलं लग्न मोडलं. तळवे अजून भाजतात, ते पुरतं थांबवेल असं औषध नाही. डॉक्टरांनी मात्र सगळ्या 'ठणठणीत' मुलांना पुन्हा बोलावलं, या वेळी आईबापांना बाहेर बसवून. निम्म्याहून अधिक जणांनी रडत कबूल केलं, पाय दुखतात.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, न ठेवा. पण आजारी पोर "काही दुखत नाही" म्हणालं, तर सुटलो असं समजू नका. ते तुम्हालाच सांभाळत असेल.