क्रेनवालीची रजा

“साहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता!” खालून नाना सिग्नलवाला दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला.

सहा टनांचे कागदाचे रीळ क्रेनला लटकत होते. “हे ठेवते, मग येते,” तिने केबिनच्या खिडकीतून सांगितले. लटकता माल सोडून क्रेनवाला उतरत नाही, हा नियम साहेबांच्याही वरचा होता. तिने रीळ गाडीवर अलगद टेकवले, हूक वर घेतला, कळ बंद केली आणि शिडीचे बत्तीस दांडे उतरू लागली. हल्ली उतरताना ती दांडा जरा जास्तच घट्ट धरायची. तिला चौथा महिना होता.

या कारखान्यात लागून तिला पाच महिने झाले होते. त्याआधीची सात वर्षे दुसरीकडे खोकी बांधण्यात गेली आणि संध्याकाळी क्रेन शिकण्यात. परवाना मिळाला, पण ‘बाईमाणूस वर चढणार?’ असे म्हणून अकरा ठिकाणांहून तिला परत पाठवले. बाराव्या ठिकाणी घेतले ते हे. इथे सगळे तिला क्रेनवाली म्हणत. पहिला महिनाभर चेष्टेने, मग नुसतेच.

सकाळी तिनेच डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी ऑफिसात दिली होती. पाचवा लागला की शिडी बंद, मग खालचे काम आणि पुढे बाळंतपणाची रजा. चिठ्ठी दुपारपर्यंत साहेबांच्या टेबलावर पोचली होती.

साहेबांनी तिला खुर्ची दिली. कामगाराला खुर्ची मिळाली की समजावे, काहीतरी काढून घेणार आहेत. नमनाला घडाभर तेल घालून झाले, तब्येत विचारून झाली, आणि मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.’ सगळे टाइप केलेले, सहीची जागा तेवढी मोकळी.

“बाळ मोठं झालं की या परत. आम्ही आहोतच,” साहेब म्हणाले.

“हे लिहून द्याल?”

“आता असं काय लिहून द्यायचं असतं का, बाई?”

“राजीनामा मात्र लिहून द्यायचा.”

साहेब हसले. हसणे त्यांच्याकडे भरपूर होते. “रजा नियमात बसते, मी नाही म्हणत नाही. पण पाच महिने काम आणि सहा महिने रजा, बरं दिसतं का ते? दुसऱ्या क्रेनसाठी एका मुलीचा अर्ज आलाय. तुम्ही असं केलंत तर वरची मंडळी तिला घेतील का? तिचा तरी विचार करा. उद्या सकाळी सांगा.”

बाण बरोबर बसला. कुणाची कोण ती मुलगी, पण कागदाची घडी घालताना क्रेनवालीला चोरी पकडल्यासारखे झाले.

संध्याकाळी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. नवराही सोलत होता आणि जो शेवटचा बोलेल त्याच्या बोलण्यावर मान डोलवत होता.

“सोड गं,” सासूबाई म्हणाल्या. “तू वर असतेस आणि मी इथे जीव मुठीत धरून बसते. नोकऱ्या काय, छप्पन्न मिळतील.”

“अकरा ठिकाणी नाही म्हणाले, आई. छप्पन्न कुठून आणू?”

“मग बाळ कोण बघणार?”

“तुम्हीच.”

“मग तसं सरळ सांगायचं की,” सासूबाईंनी एक शेंग रागाने मोडली. “सून विचारते काय आणि ठरवलेलं असतं काय!”

ठरवलेले काहीच नव्हते. ती नवऱ्याकडे वळली. “तुम्हाला काय वाटतं? डोलवू नका, बोला.”

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. “पहिल्यांदा वर गेलीस त्या दिवशी घरी येऊन तू जेवलीच नाहीस,” तो म्हणाला. “नुसती बोलत होतीस. आपल्या लग्नातसुद्धा तू इतकी खूश नव्हतीस. माझ्याच्याने सोड म्हणवत नाही.”

तिला त्याचा फार अभिमान वाटला. पण ती मुलगी काही डोक्यातून जाईना. आपण रजा घ्यायची आणि दाराशी उभ्या असलेल्या पोरीचे नशीब फिरवायचे? सकाळी वेणी घालेपर्यंत हेच चालले होते. मग अर्ध्या वेणीतच तिचा हात थांबला आणि तिला साहेबांचा इतका राग आला की उरलेली वेणी तिने तशीच गुंडाळून टाकली.

“केली सही?” साहेबांनी विचारले. आज खुर्ची दिली नाही.

“नाही. रजेचा अर्ज द्या.”

“त्या मुलीचा विचार…”

“केला. मी सोडून गेले तर तुम्ही तिला म्हणणार, आधीची बाई पाच महिन्यांत गेली, बायका टिकत नाहीत. मी रजा घेऊन परत आले तर असं म्हणता येणार नाही. म्हणून सही करत नाही. तिच्यासाठी, आणि तिच्याहून जास्त माझ्यासाठी.”

साहेबांनी अर्ज काढून दिला. रजेच्या कारणाचे तीन चौकोन होते. आजार, लग्न, घरातील मृत्यू. आजवर इथून चौथ्या कारणासाठी कुणी रजेवर गेलेच नव्हते. बायका होत्या, पण त्या थेट घरी गेल्या होत्या.

“आजारावर खूण करा,” साहेब म्हणाले.

“मी आजारी नाहीये.”

तिने पेनने खाली चौथा चौकोन काढला, शेजारी ‘बाळंतपण’ लिहिले आणि त्यावर खूण केली. चौकोन जरा वाकडाच आला. “पोच द्या,” ती म्हणाली, आणि शिक्का मिळेपर्यंत टेबलापाशीच उभी राहिली.

“ठीक आहे. पण उद्यापासूनच वर चढायचं नाही,” साहेब म्हणाले. “खाली, सिग्नलला.”

पाचवा लागायला अजून तीन आठवडे होते. तेवढे त्यांनी कापून घेतले.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये दुसऱ्या पाळीतला क्रेनवाला होता; त्याला सगळे पैलवान म्हणत. नाना तिला सिग्नलचे काम समजावून देत शेजारी उभा होता. पैलवानाने तिची खुर्ची मागे ढकललेली तिला खालून दिसली.

रीळ वर आले, गाडीच्या बरोबर माथ्यावर थांबले. तिने हात पुढे करून बोट जमिनीकडे रोखले आणि गोल फिरवले. पैलवान तिच्याकडे बघेना. तो नानाकडे बघत होता. तिने पुन्हा बोट फिरवले.

“नाना, घेऊ का खाली?” पैलवान ओरडला.

नानाने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि तो समोरच्या भिंतीकडे बघू लागला.

रीळ तसेच लटकत राहिले. गाडीवाला थांबला, त्याच्यामागची गाडी थांबली. तिचा हात भरून आला, पण तिने तो खाली घेतला नाही. शेवटी वरचे डोके तिच्या दिशेने वळले.

तिने सावकाश बोट फिरवले. सहा टन वजन सावकाश खाली येऊ लागले. गाडी वीतभर उरली तेव्हा तिने तळवा आडवा धरला, आणि रीळ थांबले.