नवसाचे पाय

डाव्या टाचेत काच रुतली होती, तांदळाच्या कणीएवढी. भोवतीची कातडी पांढरी पडली होती आणि कडेचं रक्त सुकून काळं झालं होतं. म्हणजे काच आत्ताची नव्हती; परळहून निघाल्यावर लगेचच केव्हातरी घुसलेली. दादरला एका बंद दुकानाच्या पायरीवर आईला बसवून अपेक्षा तो अनवाणी पाय मांडीवर घेऊन बघत होती.

"दुखत नाही?"

"माका कायच दुखत नाय," कौसल्या समाधानाने म्हणाली. "आधी दुखायचे. आता देवान पाय हलके केल्यान."

अपेक्षा पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. आईची साखर तीच तपासायची. पाय हलके का झाले, हे तिला ठाऊक होतं. तिने आईच्या अंगठ्यावर जोरात नख दाबलं. आई शेजारच्या फिलोमिनाशी बोलतच राहिली.

नवस लेकीला मूल व्हावं म्हणून होता. मंगळवारी प्रभादेवीचा गणपती, बुधवारी माहीमचं चर्च. चाळीतल्या या दोघी दोन्हीकडे बरोबरच चालत जायच्या. गणपतीला दुर्वा फिलोमिना घ्यायची, चर्चसाठी मेणबत्त्या कौसल्या. आज पिशवीत चर्चमध्ये नवसाला वाहायचं, रुमालात गुंडाळलेलं मेणाचं बाळ होतं. मागच्या बुधवारी चर्चबाहेर विकत घेऊन कौसल्याने ते आठवडाभर घरच्या देवांपुढे ठेवलं होतं.

"आता एक मेणाचा पाय पण घे तुझ्यासाठी," फिलोमिना म्हणाली. "दोन वस्तूंवर सूट देईल तो." मग तिने वाकून टाच पाहिली आणि तिचं हसू गेलं. "अपेक्षा, हे बरं दिसत नाही गं."

"टॅक्सी करू. हॉस्पिटलात जाऊ आधी."

"नातवंडाचा तोंड बघल्याशिवाय मी थांबाचंय नाय," कौसल्या म्हणाली. "पाय गेलो तर गेलो."

ती हे सहज म्हणाली. गणपतीत सांगू, मग दिवाळीत सांगू, असं करत अपेक्षाने आणि तिच्या नवऱ्याने, उन्मेषने, किती सण घालवले होते. आईने विचारलं की ती एवढंच म्हणायची, बघू, डॉक्टर काय म्हणतात. आणि आई चालत राहायची.

कौसल्या पाय सोडवून घ्यायला लागली. अपेक्षाने घोटा घट्ट धरला.

"आई, मूल होत नाही असं नाहीये," ती म्हणाली. "आम्हालाच नकोय. लग्न झालं तेव्हाच आम्ही ठरवलंय."