कोपरे कापलेल्या तीनशे तबकड्या

"हे कोपरे कोणी कापले?" प्रेंटिसनं विचारलं.

"मीच कापले," एमरिस प्रोबर्ट जरा अभिमानानंच म्हणाला. "तीनशेच्या तीनशे. एकही वाकडा गेलेला नाही बघा."

प्रेंटिसनं वेष्टनाच्या कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. ब्रिस्टलच्या त्याच्या या गोदामातून चाळीस दुकानांना गाण्यांच्या तबकड्या जायच्या. "अहो प्रोबर्ट, कोपरा कापलेली तबकडी म्हणजे फुकट वाटायचा नमुना, नाहीतर न खपलेला माल. पूर्ण किमतीला ती कोण ठेवील?"

"तुम्ही मला चार तबकड्या पाठवल्या होत्या. चारही वेष्टनांचे कोपरे कापलेले. मला वाटलं, तुमच्याकडची रीतच तशी."

"नमुनेच होते ते."

पाच महिने एमरिस वेल्समधल्या ऱ्होंडाच्या दरीतून इथे खेटे घालत होता. दुकानदार म्हणायचे, आधी प्रेंटिसच्या यादीत नाव दाखवा. प्रेंटिस म्हणायचा, आधी दुकानांची मागणी दाखवा. शेवटी अकरा दुकानदारांपुढे हात जोडून मागणीच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या, तेव्हा कुठे यादीत जागा मिळाली होती.

"शुक्रवारी चारला गाडी सुटते," प्रेंटिस म्हणाला. "नवी वेष्टनं घालून आणा. नाही जमलं तर सप्टेंबरच्या यादीत बघू."

सप्टेंबरपर्यंत तबकडीवरच्या बँडचा ढोलवाला सैन्यात गेलेला असणार होता आणि गायक ह्यू काम करायचा ती खाण बंद पडलेली. मग विकायला तबकडी असेल, वाजवायला कोणी नसेल.

परतीच्या बसमध्ये एमरिसला ती संध्याकाळ आठवली. गावच्या चॅपलमागच्या खोलीत खाणीतली चार पोरं हेवी मेटलचा धडधडाट करत होती आणि तो त्यांना गप्प करायला गेला होता. शेवटाकडे ह्यूचा आवाज चढत गेला, आणि एमरिस दारातच थबकला. त्याच्या लहानपणी म्हातारे उपदेशक असेच बोलता बोलता गाऊ लागायचे. बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं, कळायचंच नाही. तसा आवाज त्यानं तीस वर्षांत ऐकला नव्हता. म्हणून स्वतःच्या छापखान्याच्या नावानं त्यानं तबकडी काढली होती.

आज बुधवार. कागदगिरणीतून पुठ्ठा यायला पंधरा दिवस लागत. छापखान्यात पुठ्ठा होता तो एकच: चॅपलच्या शंभराव्या वर्षासाठी त्यानं अर्पण म्हणून केलेली स्तोत्रपुस्तकांची तीनशे वेष्टनं. एक बाजू गडद लाल, तिच्यावर सोनेरी अक्षरं.

"त्याला हात लावू नकोस," बायको मार्गेड म्हणाली. "देवाला दिलंयस ते."

"दिलंयच. पण पाठ कोरी आहे, तिच्यावर छापता येईल."

"आणि पुस्तकांना काय घालणार?"

"तपकिरी कागद."

"छान. शंभर वर्षं झाली म्हणून स्तोत्रं खाटकाच्या कागदात बांधून द्यायची." ती तावातावानं आत गेली. मग खळीचं भांडं घेऊन परत आली. "छाप लवकर. चिकटवायला वेळ लागतो."

शुक्रवारी साडेतीनला प्रेंटिसनं गठ्ठ्यातली एक तबकडी उचलली. चारही कोपरे तपासले. मग वेष्टनाच्या आत डोकावला.

"हे सोनेरी काय आहे?"

"आमच्या चॅपलचं नाव."

"आतल्या बाजूला?"

"बाहेर तुमच्या मालाला जागा हवी होती," एमरिस म्हणाला.

प्रेंटिसनं पावतीवर सही केली आणि गठ्ठे गाडीत चढवायला सांगितले.

रविवारी चॅपल तुडुंब भरलं होतं. नवी पुस्तकं हातोहात फिरली. पुढच्या बाकावरच्या बाईनं तपकिरी वेष्टन उलटसुलट पाहिलं आणि शेजारणीच्या कानात काहीतरी म्हटलं. मार्गेड ताठ मानेनं समोर बघत राहिली. एमरिस खर्जाच्या रांगेत आपल्या नेहमीच्या जागी उभा होता. ऑर्गन सुरू झाला. त्यानं पुस्तक उघडलं, तसं ते मऊ कागदी वेष्टनामुळे हातात दुमडून खाली लवलं. त्यानं दुसरा तळहात खालून आधाराला लावला आणि आपला सूर धरला.