वाव

"ठासून भरू नकोस. लाकडाला वाव ठेव. आज ते तहानलेलं आहे, उद्या पाणी प्यायलं की फुगणार. फुगायला जागा नसली की आपल्याच बरगड्या मोडून बाहेर येतं."

नवऱ्याचा आवाज मनात इतका स्पष्ट उमटला, की कापसाचा पीळ वळता वळता वहिनीचे हात थांबले.

समोर तिचा दीर होडीच्या फटी भरत होता. फटीवर कापूस धरायचा, त्यावर पटाशी टेकवायची, पटाशीवर लाकडी मोगरी हाणायची. मावेल त्याच्या दुप्पट कापूस तो कोंबत होता. हनुवटीवरून घाम फळीवर ठिबकत होता आणि वाळकी फळी तो पडताक्षणीच पिऊन टाकत होती.

"वहिनी, बघ. सुईसुद्धा जाणार नाही."

तिने पाहिलं. खरंच गेली नसती.

"दे आणखी."

तिने दिला.

नवरा गेल्यापासून होडी गोदामाच्या भिंतीलगत पडून होती. समुद्राने माणूस ठेवून घेतला आणि होडी परत पाठवली, तीही धडधाकट. सासूबाईंनी ती विकू दिली नाही आणि डागडुजीलाही हात लावू दिला नाही. उन्हाने फळ्या आक्रसल्या, फटींतून पलीकडची वाळू दिसू लागली. आत मांजरी व्यायल्या. मग सासूबाई गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग बर्फाचा कारखाना बंद पडला. दीर मिसरूड फुटल्यापासून तिथे बर्फाच्या लाद्या ओढायचा. सगळा किनारा त्याला बर्फ्याच म्हणे. काम गेल्यावर तो दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. आणि एक दिवस उठून होडीपाशी जाऊन बसला.

नव्या लाकडाची ऐपत कुठली! पाडलेल्या एका शाळेचे बाक भंगारात मिळाले, त्यांच्या फळ्या झाल्या. एकीवर पोरांनी कोरलेलं गणित अजून तसंच होतं, तेही चुकलेलं. खिळे जुनेच, ठोकून सरळ केलेले. कापूस कुठून आणायचा यावर तो अडला, तेव्हा वहिनीने आपली मोठी गादी उसवायला घेतली.

"अगं, आणि तू कशावर झोपणार?"

"सतरंजी आहे की. एकटीला लागतं किती?"

चार दिवसांत त्याची हौस फिटेल, असं तेव्हा तिला वाटलं होतं. पण तो दोन घास जास्त जेवायला लागला. काम करताना शीळ घालायला लागला. तिला त्या शिळेचा आनंद व्हायचा आणि धसकाही बसायचा.

एकदा, एकदाच, तिने विषय काढला होता.

"मी सासूबाईंना शब्द दिलाय. तुला पाण्यावर जाऊ देणार नाही म्हणून."

"शब्द तू दिलास, आणि कोरडा मी राहू?" तो हसला होता. मग हसू ओसरलं. "आई गेली, वहिनी. आता तिला सांगायला कोण जाणार आहे? आणि जमिनीवर राहून मी काय करू, सांग. भिंत बघू?"

त्याचं चुकत नव्हतं. पण शेवटच्या दिवसांत सासूबाईंनी तिचं मनगट धरलं होतं, त्याचे वळ तिला अजून जाणवत. शब्द घेणारं माणूस गेलं की शब्दही गेला, असं तिला कधी वाटलंच नाही. जिवंत माणसाकडे निदान जाऊन म्हणता येतं, मला मोकळं करा. मेलेल्याकडे कुणी जायचं?

"काय रे बर्फ्या, होडी भरतोस की गादी?"

शेजारचा जाळीवाला म्हातारा काठी टेकत आला होता. दुसऱ्यांची जाळी विणून देणं एवढंच आता त्याच्याकडून होई. वहिनीचा नवरा गेला त्या दिवशी रिकामी होडी दोर लावून ओढत आणली होती, ती त्यानेच.

"दोन्ही, काका! लाटेवर झोप लागली पाहिजे."

"झोपायचं तर घरी झोप की, लेका."

म्हाताऱ्याने वाकून फटीवरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला, परत मागे आला.

"घट्ट आहे."

"आहे ना! दादाच्या वेळी नक्की कुठून तरी पाणी शिरलं असणार. मी थेंब आत येऊ देणार नाही." बर्फ्या उठला, हात पुसले. "वरून फासायची राळ तापत ठेवलीय, उतू जाईल. आलोच."

तो गोदामाआड गेला. म्हाताऱ्याने वहिनीकडे पाहिलं.

"सूनबाई, तुझा नवरा हात राखून भरायचा."

"हो."

"पाणी पाजलं की ही बरगड्या सोडणार. दोन दिवस नाही काढायची."

"माहितीय."

"अगं, मग सांग ना त्याला!"

वहिनीने पिशवीतून कापूस घेतला आणि मांडीवर पिळायला लागली. म्हातारा तिच्या हातांकडे बघत राहिला. त्याला उमगलं तसा तो काठीवर जास्तच वाकला.

"खचेल गं पोर."

"खचलेलं माणूस घरी असतं, काका."

म्हाताऱ्याला रिकामी होडी ओढून आणलेला तो दोर आठवला असावा. राळेचं भांडं घेऊन बर्फ्या आला, तेव्हा तो वाटेला लागला होता.

संध्याकाळी राळ वाळली. होडी काळी कुळकुळीत दिसत होती. बर्फ्या तिच्याभोवती हात मागे बांधून फिरला, लग्नघरातल्या यजमानासारखा.

"पलीकडच्या बंदरात जुनी वल्ही मिळतायत. पहाटे निघतो, परवा येईन. तोवर हिला पाणी पाजायला हवं, म्हणजे लाकूड फुगून बसेल. तुला जमेल? काठोकाठ भरावी लागेल."

"भरीन."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना."

तो जायला वळला आणि थांबला.

"वहिनी, दादाचं काम तू पाहिलंयस. काही चुकलंबिकलं नाही ना माझं?"

ती खोटं बोलत नसे. समुद्राकडून वारा येत होता. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला, नीट खोचला, पुन्हा काढून पुन्हा खोचला.

"हातात जोर आहे तुझ्या," ती म्हणाली.

तो मनापासून हसला.

पहाटे तिने त्याला डबा बांधून दिला. तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहिली. मग भांडी घासली, केर काढला, सतरंजीची घडी घातली. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा दोन्ही बादल्या उचलून किनाऱ्यावर आली.

नवरा गेल्यापासून तिने या पाण्यात पाय घातला नव्हता. पाणी गार होतं. बादल्या भरून, वाळूत पाय रुतवत ती होडीपाशी आली आणि पहिली बादली आत रिती केली. पाणी तळाशी पसरलं, चुकलेल्या गणितावरून गेलं, आणि कुठेही झिरपलं नाही. थेंबभरही नाही.

तिने दुसरी ओतली. रिकाम्या बादल्या घेऊन ती पुन्हा समुद्राकडे निघाली.