मशीनचं तेल

जे कुरकुरतं त्याला तेल द्यावं, हा माझ्या सासऱ्यांचा सिद्धांत. जन्मभर शिवणयंत्रापुढे बसलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? दाराच्या बिजागऱ्या, कपाटाचं कुलूप, शेजाऱ्यांची बाबागाडी, त्यांच्या कुपीतून काही सुटायचं नाही. सुनेच्या कुरकुरीवर मात्र त्यांच्याकडे थेंबभर तेल नाही, असं मी म्हणायचे आणि नवरा हसायचा.

त्या रविवारी ते पहिल्यांदाच आमची शर्यत बघायला आले होते. एरवी डोंगरात सायकली घालणं म्हणजे त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचे उद्योग. मुलगा शिवणकामाचं दुकान सोडून गुडघे फोडून घेतो, यावरून बापलेकांत वर्षभर अबोला होता. एकाच घरात राहून 'तुझ्या नवऱ्याला सांग' आणि 'तुझ्या सासऱ्यांना सांग'. मी मधली टपालवाली. मग एका संध्याकाळी सासरे अचानक म्हणाले, "येतो मी पण. बघू तरी काय दिवे लावता." नवऱ्याने नुसती मान हलवली, पण नंतर किती तरी वेळ तो न्हाणीघरात शीळ घालत होता.

आमचा संघ चौघांचा. मी, एक इलेक्ट्रिशियन, पोहायला शिकवणारे मास्तर आणि नवरा. बक्षिसाची आशा कधीच नव्हती, हौस तेवढी दांडगी. प्रत्येकाने एक फेरी मारायची, परत आल्यावर पुढच्याच्या हातावर टाळी द्यायची, मग त्याने सुटायचं. फेरी म्हणजे आधी सगळा चढ, टेकडीच्या माथ्यावर वळसा, आणि मग दगडधोंड्यांतून सरळ खाली. उतारावर नवऱ्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून त्याला शेवटची फेरी.

मास्तर धापा टाकत आले, नवऱ्याने टाळी घेतली आणि तो सुटला. इलेक्ट्रिशियन मास्तरांना सावलीत घेऊन गेला. वाटेच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी मी आणि सासरे दोघंच उरलो.

"ऐकलंस?" सासरे म्हणाले. चेहरा नुसता फुलला होता.

"काय?"

"काहीच नाही ना? तेच तर! सकाळी ब्रेक दाबला की कशी कोकलत होती त्याची सायकल. चाकातल्या त्या पातळ तबकड्या कोरड्या ठणठणीत. तुम्ही नंबर आणायला गेलात ना, तेव्हा मशीनचं तेल दिलं दोन्हींना. फडक्याने चोळून चकाचक केल्या. त्याला सांगू नकोस हं, खाली आला की मीच सांगतो."

ब्रेक त्या तबकड्यांनाच धरतात. आम्ही त्यांना साधं बोटसुद्धा लावत नाही. ब्रेकचे नवे पॅड बसवल्यावर ते थोडे दिवस किंचाळणारच, म्हणून कोणी तिथे तेल ओतत नाही.

"बाबा," मी दातओठ खात म्हणाले, "त्या तबकड्या म्हणजेच ब्रेक. मारलंत तुम्ही त्याला."

त्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं. ते तोंड मला बघवेना. बघायला वेळही नव्हता.

चढावर ब्रेक लागत नाहीत. म्हणजे नवरा मजेत वर जाणार, माथ्यावर वळणार, उतारावर सायकल सोडून देणार, आणि तेव्हा त्याला कळणार. उताराच्या पायथ्याशी झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या वॉकीटॉकीवर मी झडपच घातली. "वरच्याला सांगा, आमचा माणूस अडवा, ब्रेक नाहीत!" त्याने बटण दाबून दाबून विचारलं. वरून नुसती खरखर. फोनला तर त्या झाडीत रेंजच नव्हती.

मी उलटी धावत सुटले, उतारावरून वर. झेंडेवाला "ताई, मराल!" म्हणून मागे ओरडत होता. माझी फेरी आधीच झालेली, पायांचे लाकडी ओंडके झाले होते. वरून दुसऱ्या संघांचे लोक येत होते, शिव्या घालत अंगावरून जात होते. प्रत्येक वेळी मी कडेला दगडाला चिकटायचे आणि हेल्मेट बघायचे. तो नाही. तोही नाही. देवा, त्याचं पंक्चर होऊ दे. चेन तुटू दे, काहीही होऊ दे, फक्त वरच राहू दे. मी मोठ्याने रडत होते आणि धावत होते.

मग त्याची हाक आली. शब्द नव्हते, नुसता ओरडा. वळणावर तो दिसला तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर घासत होता, आणि वेग काही कमी होत नव्हता. माझ्यामागे पुढचं वळण आणि त्यापलीकडे खडक.

"झुडपात! झुडपात घाल!"

त्याने सायकल तिरकी फेकली. मी डोळे मिटले. आवाज ऐकला, तो अजून ऐकू येतो.

तो जिवंत होता. मांडीचं हाड मात्र असं मोडलं होतं की पाय तिसऱ्याच दिशेला वळलेला. मी त्याचा हात धरून बसले. प्रथमोपचारवाले आले, आणि त्यांच्या मागून झाडाझुडपांना धरत, घामाने निथळत सासरे.

"ब्रेक लागलेच नाहीत," नवरा कण्हत म्हणाला. "तेल होतं. नक्की तेल. कोणी हात लावला माझ्या सायकलला? कोणी? मी त्याला आयुष्यात माफ करणार नाही."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते एक पाऊल पुढे आले. जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. सासऱ्यांनी आत्ता तोंड उघडलं की हे दोघे एकमेकांना कायमचे मुकणार, एवढंच मला दिसलं.

"मी लावलं," मी म्हणाले. "फार आवाज येत होता म्हणून."

"तू?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुला कळत नाही? तुला?"

"चुकले."

खरं सांगते, मी बोलून गेले खरी, पण वाट बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील, 'नाही रे, मीच ते.' एवढंच म्हणायचं होतं. मी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि ते मुलापाशी खाली बसले.

"बाबा," नवरा म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा थेट त्यांना. त्याने माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि त्यांच्यापुढे केला.

सासऱ्यांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.