डब्याविना राखणदार

मित्रांनो, मी एक जुना लाकडी राखणदार आहे. आफ्रिकेतल्या गाबोनच्या जंगलात फांग लोकांच्या एका गावात माझा जन्म झाला. कोरणाऱ्याने मला डोके बाळासारखे मोठे दिले आणि चेहरा म्हाताऱ्यासारखा गंभीर. जन्मणारे आणि गेलेले एकाच घरचे, असे तो म्हणे. मग मला झाडाच्या सालीच्या डब्याच्या झाकणात रोवून बसवले. आत घराण्यातल्या नऊ पूर्वजांच्या कवट्या होत्या. पूर्वजांच्या पूजेची दीक्षा न घेतलेल्या कोणालाही तिथे फिरकू द्यायचे नाही, एवढेच माझे काम.

घराण्याचा कर्ता असुमू मला पामतेल चोळायचा. पण पूजा काही माझी नव्हती बरे! मान सगळा डब्यातल्यांचा, मी आपला दारावरचा. शिकारीला निघताना तो डब्याशी वाकून म्हणे, "बाबा, आज रिकाम्या हातानं परत पाठवू नका हं. घरात खाणारी तोंडं वाढलीत." फार सुखाचे दिवस होते ते.

एके सकाळी त्याचा धाकटा भाऊ बेकाले धापा टाकत आला. तो मिशनमध्ये लाकडे फोडायचा.

"दादा, पाद्री येतोय! पलीकडच्या गावातले डबे जाळले त्यानं."

"येऊ दे की. त्याला हा राखणदार देऊन टाकू."

"राखणदारच देतोस? डोकं फिरलंय का तुझं?"

"अरे, राखणदार दुसरा कोरता येईल. बाबा कोरता येतील का? लाकूड मिळालं की जाईल खूश होऊन."

कोणत्याही फांग माणसाने हेच केले असते. असुमूने मला झाकणातून उपटून पाद्र्याच्या हातात दिले.

पाद्र्याने मला उलटसुलट पाहिले. "किती सुंदर!" असे म्हणून त्याने मला अलगद कापडात गुंडाळले. मग त्याने डबा मागितला. असुमू दारात आडवा पडला, तर पाद्र्यासोबत आलेल्या शिपायांनी त्याला फरफटत बाजूला केले. ज्यांच्या नजरेपासून मी ती हाडे जन्मभर राखली, त्या साऱ्या गावासमोर अंगणात ती जळाली. असुमू मातीत डोके आपटत होता.

"बाबा, मीच राखणदाराला जागेवरून उठवलं हो! मीच उठवलं!"

आज मी परदेशातल्या एका संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे. लोक माझी तोंडभरून स्तुती करतात. मला ती ऐकवत नाही. असुमूचे पुढे काय झाले, मला कळले नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या घरातले काही जपायला निघालात, तर काय जपू, हे आधी त्या घरच्यांना विचारा. त्या दिवशी मला विचारले असते, तर मी म्हटले असते, मला जाळा आणि त्या म्हाताऱ्यांना राहू द्या.